पेरॉक्साइडनं कायटोसॅनची साखळी तोडायची कशी: प्रोजेक्टवाल्यांसाठी, टप्प्याटप्प्यानं

जानेवारी उजाडला की आमच्या लॅबमधे एमेस्सी प्रोजेक्टवाल्यांची गर्दी सुरू होते आणि त्यातले निदान दोन ग्रुप तरी कायटोसॅन घेऊन येतातच. सांगलीत ते साहजिक आहे म्हणा, तासगाव-पलूसकडची बरीच पोरं द्राक्षबागायतदारांच्या घरातली, घरी फवारणीच्या औषधांच्या कपाटात ‘चिटोसान’ (म्हणजे कायटोसॅनच) लिहिलेली बाटली लहानपणापासून बघितलेली, मग विषय तोच सुचतो. आणि मग दर वर्षी तेच. कायटोसॅन विरघळवलं, पेरॉक्साइड (म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड) ओतलं, दोन तासानं पातळ झालं, आणि "सर, तुटलं!" मी विचारतो, कशावरनं? तर म्हणे पातळ झालं की. अरे बाबा, पाणी ओतलं तरी पातळ होतंच की.

त्यामुळं एकदाच सगळं लिहून काढतोय. यातलं पाऊण काम पेरॉक्साइडची बाटली उघडायच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच सगळे उरकून टाकतात.

आधी दोन मिनिटं: नक्की तुटतं काय

कायटोसॅन म्हणजे ग्लुकोसअमाइनच्या एकामागोमाग एक जोडलेल्या हजारो कड्या. डोळ्यासमोर ऊस आणा. एकेक कांडं म्हणजे एकेक साखर, आणि दोन कांड्यांमधला सांधा म्हणजे ग्लायकोसिडिक बाँड. पेरॉक्साइड स्वतः हा सांधा तोडत नाही. उष्णतेनं किंवा लोखंड, तांब्यासारख्या धातूच्या अंशामुळं त्याचे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले आक्रमक तुकडे, होतात, ते जवळ जे सापडेल त्या साखरेच्या कड्यातला हायड्रोजन ओढून घेतात, कडं अस्थिर होतं आणि मग सांधा सुटतो. रॅडिकल क्षणभरच टिकतो, म्हणून तो निवड करत बसत नाही, जिथं तयार झाला तिथंच घाव घालतो.

एंझाइम म्हणजे हुशार तोडकरी, पेरॉक्साइड म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून कोयता चालवणारा. एवढं लक्षात ठेवा, पुढचे निम्मे नियम यातनंच निघतात.

अजून एक. लांब उसावर मधेच कुठंतरी एक घाव बसला तरी लांबी धाडकन कमी होते, पण सगळ्याचे वीतभर तुकडे झाल्यावर तेवढाच फरक दिसायला किती घाव लागतील बघा. म्हणून घट्टपणा पहिल्या पंधरा-वीस मिनिटात झपकन उतरतो आणि नंतर रेंगाळतो. पोरांना वाटतं रिअ‍ॅक्शन थांबली, आणि ती अजून पेरॉक्साइड ओततात. थांबलेली नसते ओ. घाव चालूच असतात, दिसत नाहीत फक्त.

टप्पा १: पाणी आणि भांडी

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथंच मार खातात.

डिस्टिल्ड वॉटरच वापरायचं. बोअरचं नाही, नळाचं नाही, गाळून-उकळून घेतलेलं पण नाही. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला तांबूस थर धरतो बघा, ते लोखंड. पाण्यात लोखंड आलं की रॅडिकल किती आणि कधी तयार होणार हे तुमच्या हातात राहत नाही, सोमवारी एक उत्तर येतं, गुरुवारी दुसरं. एका ग्रुपचे रीडिंग आठवडाभर जुळत नव्हते, मी शेजारी उभा राहून बघितलं तर डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला लावलेली चावी (तोटी) गंजलेली होती.

लोखंड काय करतं हे बघायचं असेल तर कापड ब्लीच करणाऱ्या प्रोसेसवाल्यांना विचारा. सुती कापडाला गंजाचा बारीक डाग असला आणि ते तसंच पेरॉक्साइड ब्लीचला गेलं तर बरोब्बर त्या डागाच्या जागी भोक पडतं. सेल्युलोज पण शेवटी साखरेचीच साखळी, तिथं हीच गोष्ट एका ठिपक्यात जोरात घडते.

भांडी काचेची. घुसळायला काचेचा रॉड किंवा टेफ्लॉनचं मॅग्नेट, ज्याचं पांढरं आवरण तडकलेलं नाही असं. स्टीलचा चमचा नको. काचेची भांडी आदल्या दिवशी डायल्यूट नायट्रिकनं धुवून डिस्टिल्डनं चार-पाच वेळा खंगाळून ठेवा.

चेक: धुतलेल्या रिकाम्या बीकरमधे डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं पेरॉक्साइड घालून ६०° ला दहा मिनिटं ठेवा. भराभर बुडबुडे सुटायला लागले तर भांड्यात किंवा पाण्यात काहीतरी आहे. परत धुवा.

टप्पा २: पेरॉक्साइड खरंच किती टक्के आहे ते काढा

बाटलीवर लिहिलेला आकडा भरला त्या दिवशीचा असतो. एप्रिलमधे आपल्याकडं पारा चाळीसला टेकतो, स्टोअर रूमला पत्रा, आणि बाटली दोन वर्षांपूर्वी उघडलेली. १०० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ३०%, २० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ६%, हे कागदावर.

टायट्रेशन करा, अर्ध्या तासाचं काम आहे. ३०% वाल्यातलं १ मिली घेऊन १०० मिली करा (६% असेल तर ५ मिली घ्या), त्यातलं १० मिली फ्लास्कमधे, वर डायल्यूट सल्फ्युरिक, आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट सोडा. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ लावतात, घाबरू नका, मँगनीज तयार झालं की वेग येतो. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. १ मिली परमँगनेट म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. ताज्या ३०% ला १९-२० मिलीच्या आसपास वाचन येतं. १२ आलं तर तुमचं ३०% हे १८% झालेलं आहे, आणि तुम्ही "एक टक्का घातला" असं लिहिलं तर ते खोटं. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक घेऊ नका, परमँगनेट क्लोराइडला पण खातं आणि वाचन फुगतं.

मेडिकलमधलं २० व्हॉल्यूम चालतं का, हे हमखास विचारतात. चालतं, पण त्यात टिकण्यासाठी स्टॅबिलायझर घातलेला असतो त्यामुळं वेग वेगळा येऊ शकतो. एक ब्रँड धरला की शेवटपर्यंत तोच ठेवा.

सावध: ३०% कातडीवर पडलं की जागा पांढरी होते आणि चुरचुरतं. ग्लोव्हज आणि चष्मा, नाटकं नकोत. बाजारात कॅनमधे ५०% मिळतं, स्वस्त पडतं म्हणून ते उचलून आणू नका, विद्यार्थ्यांच्या हातातली वस्तू नाही ती. आणि बूच कधीही घट्ट लावायचं नाही. एकदा आमच्याकडं एकानं उरलेलं सॅम्पल छोट्या बाटलीत घट्ट फिरकी लावून खिडकीत ठेवलं आणि सगळे डबा खायला गेलो, परत आलो तर झाकण पंख्याखाली आणि टेबलभर चिकट पाणी. नशीब तिथं कुणी बसलं नव्हतं.

टप्पा ३: कायटोसॅन पूर्ण विरघळवा, पूर्ण म्हणजे पूर्ण

१ ग्रॅम कायटोसॅन, १०० मिली १% असेटिक अ‍ॅसिड. आधी अ‍ॅसिडचं पाणी फिरत ठेवा आणि पावडर वरनं चिमूट-चिमूट भुरभुरवा. उलट केलं, म्हणजे पावडरवर अ‍ॅसिड ओतलं, तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात, बाहेरनं बुळबुळीत आणि आत कोरडं पीठ. रात्रभर फिरू द्या. सकाळी दुहेरी मलमलीतनं गाळा, आणि गाळल्यावर कापडावर काय राहिलं ते वाळवून, वजन करून लिहून ठेवा, कारण तुमचं १ ग्रॅम आता १ ग्रॅम राहिलेलं नाही.

गाठी राहिल्या की काय होतं? पेरॉक्साइड बाहेरच्या सुट्या साखळ्या तोडत बसतं, गाठ आतनं हळूहळू सुटत राहते आणि नवीन लांब साखळ्या मधेच पाण्यात येत राहतात. मग तीस मिनिटाचं रीडिंग पंधरा मिनिटाच्या रीडिंगपेक्षा घट्ट. तो ग्राफ मी दर वर्षी बघतो.

चेक: बीकर खिडकीशी धरून तिरका करा. आत काचेसारखे सरकणारे तुकडे दिसले तर अजून फिरू द्या. हवेचे बुडबुडे असतील तर ते पण वर येऊन जाऊ द्या.

टप्पा ४: तीन फ्लास्क लावा, एक नाही

इथं सगळ्यांचं चुकतं. द्रावणाचे सारखे तीन भाग करा:

- अ: कायटोसॅन + पाणी, ६०°
- ब: कायटोसॅन + पेरॉक्साइड, ६०°
- क: कायटोसॅन + पेरॉक्साइड, खोलीच्या तापमानाला

अ कशाला? कारण गरम अ‍ॅसिडमधे कायटोसॅन पेरॉक्साइडशिवाय पण थोडं तुटतं, आणि ते श्रेय पेरॉक्साइडला द्यायचं नाही. आणि अ मधे पेरॉक्साइडच्या मापाइतकंच पाणी घालायचं. हे वाक्य दोनदा वाचा. ६% वालं वापरत असाल तर दर १०० मिली द्रावणाला शेवटी १% यायला २० मिली घालावं लागतं, म्हणजे कायटोसॅन १ टक्क्यावरनं ०.८३ वर आलं. कायटोसॅनचं द्रावण एवढ्यानं पण चांगलंच पातळ होतं! अ मधे पाणी घातलं नाही तर तुमचा निम्मा निकाल निव्वळ पाणी ओतल्याचा असतो. ३०% वालं असेल तर १०० मिलीला ३ मिलीत काम भागतं, तरी अ मधे तेवढं पाणी घालाच.

टप्पा ५: क्रम, गरम आधी आणि पेरॉक्साइड नंतर

वॉटर बाथ ६०° ला स्थिर होऊ द्या. अ आणि ब बाथमधे ठेवा. आतल्या द्रावणात थर्मामीटर बुडवून ६०° दिसलं की मग पेरॉक्साइड, फिरत्या द्रावणात, धारेनं नाही, पिपेटनं मिनिटभरात. शेवटचा थेंब पडला की घड्याळ चालू.

थंड द्रावणात घालून मग गरम करत नेलं तर शून्य मिनिट कुठलं धरणार? घट्ट द्रावण तापायला वीस मिनिटं घेतं आणि मी वर म्हटलं तसं खरी पडझड पहिल्या वीस मिनिटातच असते. तुमचा सगळा मसाला तिथंच निघून गेला.

तापमान अंदाजपंचे नको, दहा अंश वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो असं धरून चला. ८०° ला लवकर होतं म्हणून तिकडं जाऊ नका, द्रावण पिवळं पडतं आणि अमाइन (कड्यांवरचे नायट्रोजनवाले गट) पण जायला लागतात, म्हणजे साखळी छोटी झाली पण कायटोसॅनचा कायटोसॅनपणाच गेला. पेरॉक्साइड १ टक्क्यावरनं ४-५ वर नेलं तरी तोच प्रकार.

फ्लास्कवर वॉच ग्लास झाका, बूच नाही. आणि लाईट जाणार नाही असा वार बघा, आमच्याकडं दुरुस्तीचा एक ठरलेला वार असतो आणि नेमकी त्याच दिवशी पोरं बाथ लावतात. लाईट गेलीच तर वेळ आणि तापमान लिहा आणि तो रन सोडून द्या. जुळवाजुळव करू नका, मला कळतं.

सावध: ग्लेशियल (म्हणजे पाणी न घातलेलं) असेटिक आणि ३०% पेरॉक्साइड एकत्र ओतायचं नाही, कुठल्याच कारणानं. दोन्हीतलं एक तरी आधीच पाण्यात पुरेसं पातळ असलं पाहिजे.

टप्पा ६: सॅम्पल काढणं आणि मोजणं

०, १५, ३०, ६०, १२० मिनिटं. शून्याचं रीडिंग अ मधनं, पेरॉक्साइड घालायच्या क्षणाचं.

प्रत्येक वेळी २ मिली काढा आणि लगेच बर्फात ठेवलेल्या १८ मिली सॉल्व्हंटमधे सोडा. सॉल्व्हंट आधी करून ठेवायचं: ०.१ मोलर असेटिक अ‍ॅसिड आणि ०.२ मोलर मीठ, म्हणजे लिटरला सुमारे ५.८ मिली ग्लेशियल आणि ११.७ ग्रॅम सोडियम क्लोराइड. लॅबचं घ्या, घरच्या मिठात आयोडीन असतं. यानं दोन कामं होतात. पेरॉक्साइड दहापट पातळ आणि थंड झालं की तोडणं जवळपास थांबतं, आणि द्रावण ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरमधनं (बारीक नळीतनं वाहायला किती सेकंद लागतात यावरनं घट्टपणा मोजायचं काचेचं उपकरण) धड वाहतं. मूळ १% द्रावण त्या केसासारख्या नळीत घातलं तर चहा पिऊन आलात तरी ते तिथंच.

मीठ कशाला, तर अ‍ॅसिडमधे कायटोसॅनच्या अंगावर सगळीकडं धन चार्ज असतो, तो एकमेकांना ढकलतो आणि साखळी ताणून धरतो. मीठ तो चार्ज झाकतं. नाहीतर तुम्ही साखळीची लांबी मोजत नसता, तिचा ताण मोजत असता.

काही जण सोडियम सल्फाइट घालून पेरॉक्साइड मारतात. इथं नको. सल्फाइटचं सल्फेट होतं आणि सल्फेटनं कायटोसॅन गढूळ होऊन खाली बसतं. कॅटालेज एवढ्या आंबट द्रावणात नीट चालत नाही. बर्फ, पातळ करणं आणि घड्याळ, बास.

व्हिस्कोमीटर ३०° च्या पाण्यात उभा, सरळ उभा, दरवेळी तेवढंच माप, दहा मिनिटं तापमानाला येऊ द्या, मग तीन वेळा वेळ घ्या. तिन्हीत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर नळी बघा. बहुतेक वेळा ऑक्सिजनचा मोहरीएवढा बुडबुडा अडकलेला असतो, प्रवाह अडतो, वेळ जास्त येते आणि तुम्हाला वाटतं साखळी परत जुळली. टिचकी मारा, तो वर येतो.

समजा सॉल्व्हंटला ६० सेकंद लागले, अ ला ९० आणि १२० मिनिटांच्या ब ला ६४, तर ९० आणि ६४ चं गुणोत्तर काढत बसू नका. सॉल्व्हंटचे ६० वजा करून परत ६० नंच भागायचं असतं, म्हणजे अर्ध्यावरनं साधारण ०.०७ वर आलं, सातपट फरक. रेणुभार हवा असेल तर तीन-चार वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनला मोजून, प्रत्येक आकडा त्याच्या कॉन्सन्ट्रेशननं भागून, शून्य कॉन्सन्ट्रेशनपर्यंत रेघ ओढा; तिथं मिळते ती इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी, ती मार्क-हाउविंकच्या (घट्टपणावरनं रेणुभार काढायच्या) समीकरणात टाका. या सॉल्व्हंटला २५° वर के १.८१ × १०⁻³ मिली प्रति ग्रॅम आणि ए ०.९३ वापरतात, म्हणजे रेणुभारासाठीची मोजणी २५° लाच करायची, ३०° ला नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी ५०० आली तर रेणुभार सात लाखाच्या घरात, १०० आली तर सव्वा लाखाच्या.

सावध, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: व्हिस्कोमीटर चटकन वाळवायला अ‍ॅसिटोन मारायची सवय सगळ्यांना आहे. इथं अ‍ॅसिटोन टेबलावर ठेवायचंच नाही. अ‍ॅसिटोन, पेरॉक्साइड आणि अ‍ॅसिड एकत्र आले की स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि तुमच्या वेस्टच्या बीकरमधे नेमके हेच तिघं एकत्र येतात, कुणाच्या लक्षात पण येत नाही. पाण्यानं चार वेळा धुवा, शेवटी इथेनॉल, हवेवर वाळवा. पेरॉक्साइडचं वेस्ट वेगळ्या उघड्या बीकरमधे, भरपूर पाणी घालून.

टप्पा ७: माल बाहेर काढणं

उरलेलं ब थंड करा, डायल्यूट सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत पीएच ९ पर्यंत न्या. पांढरट फाटल्यासारखं खाली बसतं, दूध नासतं तसं. हे लांब तुकडे. फिल्टर करून पाणी उदासीन येईपर्यंत धुवा.

आणि मग पोरं वरचं पाणी सिंकमधे ओतून देतात! सगळ्यात छोटे तुकडे तिथंच असतात, ते अल्कलीत पण विरघळलेले राहतात. त्या पाण्यात तिप्पट-चौपट इथेनॉल घालून थंड ठेवा, मग ते खाली बसतात. (परत सांगतो, इथेनॉल. अ‍ॅसिटोन नाही.) दोन्हींचं वजन वेगळं लिहा.

चेक: वाळवण्याआधी धुण्याच्या पाण्यावर स्टार्च-आयोडाइड टेस्ट. थोडं पोटॅशियम आयोडाइड, थेंबभर असेटिक, थोडी स्टार्चची पातळ पेज. निळं-काळं झालं तर पेरॉक्साइड अजून आहे, परत धुवा. निळं येत असताना ओव्हनमधे टाकू नका.

वाळवायला ५० अंश बास. जास्त तापवलं की तपकिरी होतं. हलका पिवळा रंग मात्र येतोच थोडा, रॅडिकलच्या घावानं कड्यांवर नवीन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बाँडचे गट) तयार होतात. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममधे १७०० सेंमी⁻¹ च्या वर त्यांचा नवा खांदा ठळक दिसला तर पेरॉक्साइड जास्त झालं किंवा वेळ जास्त झाली, पुढच्या रनला कमी करा.

थोडं इतर साखळ्यांबद्दल

गवार गम घेतलं तर विरघळवणं सोपं, अ‍ॅसिड लागत नाही, बाकी क्रम हाच. कॉर्नफ्लॉर किंवा साबुदाण्याचा स्टार्च आधी शिजवून पेज करावी लागते, कच्च्या दाण्यावर नुसतं पेरॉक्साइड फार हळू चालतं.

आणि घरच्या बागेसाठी पिंपात करू का, असं दर वर्षी एक तरी जण विचारतो. नको. बोअरचं पाणी, गंजका पिंप, किती तुटलं ते मोजायची सोय नाही, आणि शिल्लक पेरॉक्साइड गेलं की नाही ते पण माहीत नाही. ते पानावर मारणार तुम्ही? काकांना सांगा तयार बाटलीच आणा म्हणून.

वाळलेला माल बाटलीत भरताना लेबलवर तारीख, बॅच, पेरॉक्साइडची टायट्रेशनची टक्केवारी आणि किती मिनिटं हे चारही लिहा आणि फ्रिजमधे ठेवा. आठवड्यानं त्यातला चिमूटभर परत विरघळवून एकदा वेळ घ्या. पहिल्यापेक्षा उतरली असेल तर धुणं कमी पडलंय, टप्पा ७ परत.